वर्कशॉपच्या दारात थांबलेल्या माझ्या लेकीस

कसबा बावडा, कोल्हापूर

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू आली होतीस तेव्हाची गोष्ट. मी तुला परड्यातल्या वर्कशॉपमधनं अर्ध्या इंचाची पटाशी आणायला सांगितली. बराच वेळ झाला तरी तू येईनास, म्हणून बघायला आलो. तू उंबऱ्याबाहेर उभी होतीस. एक हात चौकटीवर, नजर आत. भिंतीला टेकवून ठेवलेल्या सागवानी फळ्यांमागं जो काळोख असतो, त्याच्याकडं बघत होतीस. मला म्हणालीस, "बाबा, तुम्हीच द्या ना." मी पटाशी दिली आणि काही बोललो नाही. तू पुण्याला गेलीस, पण ते तुझं दारात थांबणं माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही. तोंडानं सांगायला गेलो तर अर्धंच सांगून होईल, म्हणून लिहायला बसलोय.

ही भीती तुला माझ्याकडनं आलीय. तू सात वर्षांची होतीस. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळ. मी एका पंपाच्या कोअर बॉक्सला, म्हणजे ओतकामात लागणाऱ्या लाकडी साच्याला, पॉलिश पेपर मारत होतो आणि तू स्टुलावर बसून उरलेल्या तुकड्यांची गाडी करत होतीस. ट्यूबलाइटच्या पट्टीमागनं एक साप भिंतीवरनं खाली आला. हातभर लांब, अंगावर पांढरे पट्टे. मी "मण्यार!" म्हणून ओरडलो, हाताला लागली ती फळी घेतली आणि तो हलायचा थांबल्यावरसुद्धा मारत राहिलो. तू रडली नाहीस. नुसती बघत होतीस, आणि हातातली गाडी छातीशी धरली होतीस. त्या रात्री तू कॉटवरनं पाय खाली टाकेनास. आई म्हणाली, लहान आहे, विसरेल. तू विसरली नाहीस, आणि मीही नाही.

ती मण्यार नव्हती. तो कवड्या होता. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर फार वाईट वाटलं. मण्यार काळीभोर, चकचकीत असते. तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीनं असतात, डोक्याकडं अंधूक किंवा नाहीतच, आणि शेपटीकडं ठळक होत जातात. कवड्याचं उलटं. त्याचे पट्टे मानेपासनंच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडं विरत जातात. आपल्या भिंतीवरच्या त्या सापाच्या मानेवरचे दाट पट्टे मला आजही दिसतात. तो बिनविषारी होता, पाली खायला आला होता. ट्यूबलाइटला किडे येतात, किड्यांमागं पाली आणि पालींमागं कवड्या. दिवा मीच लावला होता.

मी एवढा का भ्यालो, तेही तुला कधी सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांची बहीण, म्हणजे माझी आत्या, मण्यार चावून गेली. मी चौथीत होतो. ती जमिनीवर अंथरूण टाकून झोपली होती. पहाटे पोटात दुखतंय म्हणाली. घरात सगळ्यांना वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूण शोधूनही सापडत नाही. थोड्या वेळानं तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या, शब्द घोगरे झाले. तेव्हा तिला आधी मंत्र घालणाऱ्याकडं नेलं आणि मग दवाखान्यात. उशीर झाला होता. तिचे ते अर्धे मिटलेले डोळे मी पाहिलेत. त्यानंतर पांढरे पट्टे दिसले की मला फक्त ते डोळे दिसायचे. त्या संध्याकाळी भिंतीवर मी साप बघितलाच नाही, माऊ.

पुढं 2019 चा ऑगस्ट आला. आपल्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली. तू तेव्हा मामाकडं होतीस. पाणी परड्यातनं वर्कशॉपमध्ये शिरलं, चार दिवसांनी उतरलं, आणि मागं चिखल, फुगलेलं प्लायवूड आणि तीन साप ठेवून गेलं. मी सर्पमित्राला फोन केला. पोरगा तुझ्यापेक्षा थोडाच मोठा. त्यानं दोन दिवड आणि एक धामण बाहेर काढली. धामण सहा फुटांची तरी असेल. ती धरून त्यानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "काका, हिचे डोळे बघा." केवढे मोठे, गोल डोळे. ओठांवर शाईनं ओढल्यासारख्या काळ्या रेघा. अंग घामेजलेलं, चिकट असेल असं मला आयुष्यभर वाटत होतं. बोट लावलं तर कोरडं आणि गुळगुळीत, पॉलिश केलेल्या सागासारखं. माझा हात थरथरत होता, पण मी तो काढला नाही. कवड्याचं त्यालाच विचारलं, आणि त्यानं खरं काय ते सांगितलं.

त्या दिवसापासनं मी भीती घालवायचा नाद सोडला आणि वर्कशॉप बदलायला घेतलं. भिऊ नको, असं मी तुला सांगणार नाही. आपल्या चार जातींपासनं, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यापासनं, भ्यायलाच हवं. पण तुझी भीती सापाची कमी आणि न दिसणाऱ्या कोपऱ्याची जास्त आहे, हे मला दिवाळीत दारात तुझ्याकडं बघून कळलं. तू फळ्यांमागं बघत होतीस. म्हणून मी ते 'मागं'च काढून टाकलंय.

सगळ्या फळ्या आता लोखंडी अँगलच्या मांडणीवर आहेत. जमिनीपासनं एक फूट वर, भिंतीपासनं सहा इंच पुढं. खाली वाकलं की पलीकडची भिंत दिसते. भुस्सा रोज संध्याकाळी पोत्यात भरून बाहेर जातो, कारण भुश्शाच्या ढिगात उंदीर घर करतात आणि साप येतो तो उंदरांसाठी. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर वस्तीकडं पळतात, त्यामुळं थंडीतही ढिलाई नको. जेवणाचा डबा वर्कशॉपमध्ये उघडायचा नाही. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी मारलीय, मोरीला बारीक जाळी बसवलीय. ट्यूब दाराजवळनं काढून आतल्या बाजूला नेलीय. साप पळवणाऱ्या पावडरी आणि फिनेल यावर पैसे घालवले नाहीत, त्यांचा भरवसा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे सापापेक्षा बँडसॉचं, म्हणजे फिरत्या पात्याच्या करवत मशीनचं आहे. तीनेक वर्षांपूर्वी मी एक वळण कापत होतो. पायाशी काहीतरी सळसळलं. मी दचकलो आणि हात पात्याकडं गेला. डाव्या अंगठ्यावरची खूण तू बघितलीयस, पटाशी लागली असं मी सांगितलं होतं. खरं हे आहे. आणि पायाशी काय होतं, तर सुटून पडलेला जुना पट्टा. साप चावण्याआधी भीतीनंच माझं बोट गेलं असतं. म्हणून मशीन चालू असताना काही दिसलं, वाटलं, हललं, तरी आधी दोन्ही हात कामावरनं मागं घ्यायचे, मग बटण बंद करायचं आणि मग बघायचं. बंद केल्यावरही पातं थोडा वेळ फिरत असतं, ते थांबेपर्यंत टेबलाजवळ जायचं नाही. हा क्रम मी रिकामं मशीन लावून रोज सकाळी करतो. तुलाही करायला लावणार आहे.

साप दिसलाच तर चार पावलं मागं सरायचं, नजर त्याच्यावर ठेवायची आणि 1926 या वनविभागाच्या नंबरवर किंवा सर्पमित्राला फोन करायचा. त्या पोराचा नंबर दारावर खडूनं लिहिलाय. मारायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ते बेकायदा आहे. कायदा नसता तरी आता माझ्या हातून होणार नाही.

आणि चावलाच तर धावायचं नाही. अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढायच्या. चावलेला हात किंवा पाय मोडल्यासारखा धरून न हलवता ठेवायचा. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. 108 ला फोन करायचा किंवा गाडीनं थेट सीपीआर हा आपला सरकारी दवाखाना गाठायचा. घोड्यांच्या रक्तापासनं बनवलेलं प्रतिविष या चारही जातींवर चालतं, त्यामुळं कुठला साप ते कळावं म्हणून तो पकडत बसायची गरज नाही. रक्त गोठतंय का हे बघायला डॉक्टर काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. एवढी साधी तपासणी, आणि त्यावर घोणसीच्या विषाचा अंदाज येतो. आत्याच्या वेळी हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या, एवढं एक कायम लक्षात ठेव. हॉस्टेलमध्येसुद्धा.

पुढल्या वर्षी सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन घालू आणि पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांचं काम तू बघशील, असं तू म्हणालीस तेव्हा मला झालेला आनंद मी तुला नीट दाखवला नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना माझ्या हातचे पॅटर्न गेलेत, ते तुझ्या हातचे जावेत अशी माझी फार इच्छा आहे. पण त्यासाठी घाई नाही. मकर संक्रांतीला आलीस की पहिल्या दिवशी नुसतं दारात उभं राहू. दुसऱ्या दिवशी आत येऊन टॉर्चनं मांडणीखाली बघू. पटाशी तुझी तूच काढायची ती तुला वाटेल त्या दिवशी.

टॉर्च उजव्या हाताला खिळ्यावर टांगलीय. त्याच्याखाली एक काठी आहे, ती मारायला नाही, फरशीवर आपटायला. सापाला आपल्यासारखा बाहेरचा कान नसतो, पण जमिनीची थरथर त्याला चटकन कळते आणि तो वाट धरतो. गमबूटही आणून ठेवलेत, पाच नंबरचे. तुझ्या आईच्या मते तुला सहा लागतात. फोन केलास की सांग, बदलून आणतो.

तुझे,
बाबा