‘ते मिक्सिंगमध्ये बघू’

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गणपतीला दोन महिने उरले की मंडळांची, हौशी गायकांची, कवींची गाणी आमच्याकडे मिक्सिंगला, म्हणजे सुटे घेतलेले आवाज आणि वाद्यं तोलून एकत्र बसवायला, येऊ लागतात. त्यातल्या बऱ्याच गाण्यांचं नुकसान येण्याआधीच झालेलं असतं आणि त्यामागचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘आत्ता घेऊन टाकू, बाकीचं मिक्सिंगमध्ये बघू.’ मिक्सिंगमध्ये काय बघता येतं आणि काय नाही, हे गाणं करायला निघालेल्यांना आधी कळावं, म्हणून हे पत्र.

सर्वांत वाईट अवस्था कॅरिओकेवर गायलेल्या गाण्यांची. दोन फायली येतात, एक संगीताची आणि एक आवाजाची. संगीतात ढोलकी, टाळ, बासरी आधीच एकत्र शिजलेली असते. ढोलकी वर काढायला जावं तर टाळही वर येतो. वाद्यं सुटी करणारी सॉफ्टवेअर हल्ली आहेत, पण टाळ-झांजेचा लांबणारा नाद त्यातून पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. शिवाय तो ट्रॅक कुणाच्या तरी मालकीचा असतो, ही गोष्ट प्रकाशनाच्या दिवशी आठवते.

वाद्यं सुटी घेतली असतील तर प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू करून द्यावी, भले बासरी तिसऱ्या मिनिटाला पहिल्यांदा वाजत असो. फाइल वेव्ह (न आकसलेली), २४ बिट, आणि सगळ्या एकाच सॅम्पल रेटच्या (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा). व्हिडिओ करायचा असेल तर ४८ किलोहर्ट्झ घ्यावा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न करता ४८च्या प्रोजेक्टमध्ये पडली तर ती जवळपास नऊ टक्के वेगानं धावते आणि सूर दीड अर्धस्वर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी लटकतं. पेटीवर ती पट्टीच नाही! पेटीचंही असंच. अनेक पेट्या ४४० हर्ट्झ या प्रमाण सुराला लावलेल्या नसतात. पेटी ४४४ला आणि की-बोर्ड ४४०ला असेल तर १६ सेंटचा (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) फरक पडतो. दोन्ही एकत्र वाजली की गायिका बेसूर वाटते, आणि बोल तिला लागतात. रेकॉर्डिंगआधी पेटी ट्यूनरवर मोजून की-बोर्ड तिला जुळवून घेणं हे पाच मिनिटांचं काम आहे. फायली व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नयेत. तिथे आवाज आकसतो. ड्राइव्हची लिंक द्यावी, निदान डॉक्युमेंट म्हणून तरी पाठवावं.

घरी आवाज घेणाऱ्यांनी पंखा आणि फ्रिज बंद करावा. माइक तोंडापासून आठ-दहा इंचांवर, पुढे ‘प’, ‘फ’ची फुंकर अडवणारा पॉप फिल्टर. आवाजाचं टोक मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावं. शून्याला टेकलं की लाटेचा माथा कापला जातो. दुरुस्तीचे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) तो माथा अंदाजानं भरतात, पण वरच्या ‘सा’वर जोरात लावलेली तान फाटली ती फाटलीच. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची प्रथा अजून टिकून आहे. त्यांनी खोली फक्त कुरूप होते. त्यापेक्षा दोन-तीन जाड गोधड्या गायकाच्या पाठीमागे टांगाव्यात. कारण असं की कार्डिऑइड माइक स्वतःच्या मागचं कमी ऐकतो आणि गायकाच्या पाठीमागची भिंत स्पष्ट ऐकतो. गोधड्यांनी वरच्या पट्टीचा आवाज शोषला जातो, खालच्या पट्टीचा नाही. दहा फुटी खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज समोरासमोरच्या भिंतींमध्ये साचतो आणि पखवाजाची डावी पुडी फुगते. म्हणून पखवाज आणि ढोलकी मोठ्या खोलीत घ्यावी, आणि खोलीच्या मध्यावर बसवू नये.

ढोलकीच्या दोन्ही तोंडांना दोन माइक लावले तर मिक्समध्ये एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून ऐकावं लागतं. एका पुडीवर थाप पडली की तिच्या माइकपासून हवा दूर जाते आणि समोरच्या माइककडे ढकलली जाते. दोन्ही सिग्नल तसेच मिसळले तर खालचा आवाज एकमेकांना खातो आणि ढोलकी पत्र्यासारखी वाजते. हे एका बटणात सुटतं. टाळकरी गायकाशेजारी उभा करून एकाच माइकवर घेतलेलं मात्र सुटत नाही. टाळ आणि ‘स’, ‘श’ हे एकाच वरच्या पट्ट्यात राहतात, त्यामुळे शिट्टीसारखा ‘स’ दाबायला जावं तर टाळ मरतो.

मग येतं ‘अजून लाऊड करा’. स्पॉटिफाय आणि यूट्यूब गाण्याची सरासरी पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतात. उणे ७पर्यंत दाबलेलं गाणं तिथे ७ डेसिबल खाली उतरवलं जातं. ताशाची काठी मात्र लिमिटरमध्ये (ठरल्या पातळीवरचा आवाज दाबणारं साधन) चेपलेली ती चेपलेलीच राहते. मंडळाच्या स्पीकरभिंतीवर असं काही खाली आणणारं नसतं, पण तिथे बरेचदा सगळं मोनो (डावं-उजवं एकत्र) असतं. डाव्या-उजव्या बाजूला पसरवलेले कोरस मोनोत विरतात, म्हणून मिक्स मोनोत तपासावाच लागतो. फोनच्या छोट्या स्पीकरला तर साधारण १५० हर्ट्झच्या खालचं फारसं जमत नाही. पखवाज तिथे ऐकू यावा यासाठी त्याच्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीतपणा) देऊन वरचे स्वरांश जागवावे लागतात. या सगळ्याला वेळ लागतो आणि कान थकतात. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली तर ८८ला ती चारच तासांची उरते, म्हणून रात्रभर बसून ‘संपवून टाका’ ही विनंती गाण्याच्याच मुळावर येते.

दुरुस्त्या लिहून आणि वेळ घालून द्याव्यात. ‘जरा गोड करा’ यातून काही कळत नाही. ‘१ मिनिट १२ सेकंदाला शेवटचा शब्द पेटीखाली दबतो’ यातून कळतं. पाच जणांच्या ग्रुपमधून पाच उलटसुलट निरोप येण्यापेक्षा एकानेच सगळ्यांचं ऐकून एक यादी पाठवावी. दोन फेऱ्या मानधनात, तिसरीपासून वेगळे पैसे, हे सुरुवातीलाच बोलून घेतलेलं बरं.

पैशाचं इतकं आधी बोलायचं कारण कायद्यात आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. आमच्या व्यवसायात ‘म्युझिक प्रोड्यूसर’ म्हणतात तो माणूस बहुतेक वेळा कायद्याच्या भाषेत निर्माता नसतोच, तो संगीत संयोजक असतो. (मराठीत हा शब्द आधीपासून होता, तो टिकला असता तर निम्मे वाद झाले नसते.) २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत वाटा दिला, मिक्सिंग करणाऱ्याला नाही. त्याला मिळतं ते ठरलेलं मानधन. म्हणून निम्मे पैसे आगाऊ, आणि उरलेले आल्यावर अंतिम वेव्ह फाइल, ही पद्धत उद्धटपणाची समजू नये. फ्रीलान्सरांनीही ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करून ठेवावी, ती मोफत आहे. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं ग्राहकावर बंधनकारक आहे. पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.

शेवटी तारखांचं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी ते वितरकामार्फत (गाणी ॲप्सवर चढवणाऱ्या कंपनीमार्फत) तिथे पोचलेलं असावं लागतं, आणि वितरकाचे दिवस त्याआधीचे वेगळे. म्हणजे चतुर्थीच्या तीन आठवडे आधी मिक्स हातात हवा, आणि त्याच्या दोन आठवडे आधी रेकॉर्डिंग पुरं व्हायला हवं. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आलेलं गाणंही आम्ही मिक्स करून देतो. ते लोकांपर्यंत पोचतं तेव्हा मांडव उतरत असतो.

आपले,
काही स्वतंत्र संगीत संयोजक व मिक्सिंग इंजिनिअर, पुणे