त्या सगळ्या सिस्टरना, मिरजेहून

सिस्टर,

तुमच्यातल्या एकीचंही नाव मला माहीत नाही. १९७६ साली अमेरिकेतल्या अकरा राज्यांतल्या १,२१,७०० नर्सेसनी टपालाने आलेला फॉर्म भरून बॉस्टनला परत पाठवला, त्या तुम्ही. ‘नर्सेस हेल्थ स्टडी’ सुरू झाली ती गर्भनिरोधक गोळ्यांच्या परिणामांचा शोध घ्यायला. पुढे दर दोन वर्षांनी फॉर्म येत गेले आणि ड्युट्या, मुलंबाळं सांभाळून तुम्ही ते भरत गेलात.

मी लॅब टेक्निशियन आहे, त्यामुळे मला खरं कौतुक तुमच्या रक्ताचं! १९८९-९० मध्ये तुमच्यापैकी जवळपास ३३ हजार जणींनी रक्त काढून, बर्फाच्या पिशवीसोबत रातोरात कुरियरने पाठवलं. इथे गल्लीपलीकडच्या दवाखान्यातून येणारं सॅम्पलसुद्धा कधी कधी हिमोलाइज होऊन, म्हणजे तांबड्या पेशी फुटून खराब होऊन येतं. तुमची नीट पोचली, कारण काढणारे हातही तुमच्यासारख्यांचेच असणार.

पण आभार मानायचेत ते १९९२ पासूनच्या फॉर्ममधल्या काही साध्या प्रश्नांच्या उत्तरांसाठी. जवळचे नातेवाईक किती? मैत्रिणी किती? कुठल्या मंडळात जाता का? तुमच्यापैकी २,८३५ जणींना पुढे स्तनाचा कर्करोग झाला आणि २००६ साली संशोधक कँडिस क्रोएंके आणि सहकाऱ्यांनी ती जुनी उत्तरं काढून पाहिली. आजाराआधी ज्या सर्वांत एकट्या होत्या, त्यांना या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका गोतावळा असलेल्यांच्या दुप्पट होता.

माझ्या कर्करोगाचं निदान झालं तेव्हा माझ्या डॉक्टरांनी केमोचं वेळापत्रक देताना विचारलं, “घरी कोण असतं?” कोणी नसतं. मग त्यांनी मला तुमच्याबद्दल सांगितलं आणि म्हणाले, “चार माणसं शोधा, हाही उपचारच समजा.” मी आमच्या भिशीत सांगितलं. एरवी साड्यांच्या रंगावरून तासभर वाद घालणाऱ्या बायकांनी पाच मिनिटांत पाळ्या लावल्या. कोण सोबत येणार, कोण डबा देणार, ताप आला तर रात्री फोन कोणाला करायचा. न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, केमोने खाली गेलेल्या असताना ताप अंगावर काढला तर काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगावं.

तुमच्या अभ्यासाच्या लेखकांचाही कल तिकडेच होता. एकटीला उपचारापर्यंत नेणारं, सांभाळणारं कोणी नसतं, म्हणून ती मागे पडते. दाहाची, म्हणजे शरीरात आतून राहणाऱ्या सुजेची गोष्ट त्याच्या शेजारची. सीआरपी म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन; त्याच्या टेस्ट मी रोज लावते. आयएल-६ हा दाहाचा निरोप नेणारा रेणू वाढला की यकृत सीआरपी सोडतं, मग कारण न्यूमोनिया असो की वर्षानुवर्षं मंद आचेवर राहिलेला दाह. २००९ मध्ये ७३४ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की उपचारांनंतरही ज्यांचं सीआरपी चढं होतं, त्यांचं आयुर्मान कमी भरलं. आणि ओहायोतल्या १६४ स्त्रियांच्या अभ्यासात, उपचार सुरू होण्याआधी ज्यांना आधार कमी होता, त्यांच्या रक्तात पुढेही आयएल-६ जास्त सापडलं; दुखणं आणि खिन्नताही जास्त. ताण, तुटलेली झोप, सुटलेलं वजन, सगळंच त्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे एकटेपणामुळे दाह आणि दाहामुळे मृत्यू, अशी सरळ रेघ मी ओढणार नाही. माझं स्वतःचं सीआरपी नंतर उतरलं. त्याचं श्रेय मी भिशीला देत नाही. एका बाईचा रिपोर्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे मी पेशंटनाही ऐकवते. भिशीला श्रेय आहे ते केमोची एकही फेरी न चुकल्याचं.

एक गोष्ट मात्र तुमच्याशी बोलायलाच हवी. तुम्ही बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या, स्वतःच्या पगाराच्या. आमच्याकडे तपासणीसाठी रक्त द्यायला येणारी बाई सहसा एकटी नसते. सोबत नवरा, दीर, कधी सासूही. फॉर्मवर तिला पैकीच्या पैकी गुण पडतील. घरी गेल्यावर केमोच्या दुसऱ्या दिवशी बारा माणसांच्या भाकऱ्या तीच थापते. क्रोएंकेबाईंनी पुढे दुसऱ्या रुग्णांच्या अभ्यासात हेही तपासलं आणि नात्यांच्या संख्येचा फायदा घरच्या आधारावर आणि नात्यांच्या ओझ्यावर अवलंबून असतो, असं त्यांना दिसलं. ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण आमच्या लॅबच्या बाकड्यावर हे रोज दिसतं.

तेव्हा सिस्टर, मनापासून आभार. तुमच्यामागून आता नर्सेसची तिसरी पिढी फॉर्म भरते आहे, तिचेही. तसला फॉर्म कधी मिरजेत आला तर मी त्यात एक प्रश्न वाढवायला सांगेन: तुम्ही आजारी असता तेव्हा घरात स्वयंपाक कोण करतं?

तुमची,
मिरजेतली एक लॅब टेक्निशियन