ही काखमांजरी नव्हे

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वर्षात काखेत चौथं गळू, दोनदा चीर दिलेली, आता जांघेतही गाठ. आणि घरात ‘उष्णता वाढलीय’, ‘रक्त बिघडलंय’ चालूच. पण शेवटी तू जाता जाता लिहिलंस, ‘पाळीच्या चार-पाच दिवस आधी ठणका लागतो’, तिथे मी थांबले. साधी काखमांजरी येते, फुटते, विसरली जाते. ती महिन्याचा हिशेब ठेवत नाही.

सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा, त्याच त्या घडीच्या जागी खोल दुखऱ्या गाठी आल्या तर हायड्राडेनायटिस सपुराटिव्हाचा, म्हणजे शब्दशः घामाच्या ग्रंथींच्या पू होणाऱ्या दाहाचा, विचार करायचा. चांगल्या उजेडात काख आरशात बघ. एकमेकांना चिकटून दोन तोंडांचे काळे ठिपके दिसले, किंवा जुन्या व्रणाखाली दोरीसारखं कडक लागलं, तर त्वचारोगतज्ज्ञाला ते आवर्जून दाखव. नाव लांबलचक आहे आणि वर चुकीचंही. १८५४ साली व्हर्नेय या फ्रेंच सर्जनने दोष घामाच्या ग्रंथींवर टाकला, तेच नाव चिकटलं. खरा बिघाड केसाच्या मुळाशी. तिथलं तोंड मेलेल्या पेशींनी बुजतं, पिशवी फुगते आणि आतल्या आत फुटते. सांडलेला माल परका समजून शरीर त्यावर तुटून पडतं. म्हणून पू होतो, आणि वारंवार झालं की कातडीखाली बोगदे पडतात. अस्वच्छतेचा यात काही संबंध नाही, आणि हे कुणाला लागतही नाही. काख घासून घासून धुणं आजच बंद कर.

आता हार्मोनचं. हा आजार बहुतेक वयात आल्यावरच सुरू होतो, पाळीआधी पुष्कळ जणींचा भडकतो, पाळी गेल्यावर काहींचा निवतो. गरोदरपणाचा मात्र नेम नाही. तरी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बहुतेकींचं नॉर्मल येतं, आणि इथेच फसगत होते. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हार्मोनचा हात नाही, असं नव्हे. नेहमीच्याच पातळीला केसाचं मूळ जास्त प्रतिसाद देत असावं. शिवाय इन्सुलिन वाढलं की बीजकोश जास्त अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन) बनवतो, आणि यकृतातून येणारं, त्याला बांधून ठेवणारं प्रथिन घटतं. म्हणून तुझ्या बाबतीत उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) आधी. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तरच पीसीओएसच्या, म्हणजे बीजकोशाच्या हार्मोन-बिघाडाच्या, तपासण्या.

औषधांत तुझं प्रकरण जरा नाजूक आहे. कुणी इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या तर तुझं बीपी आधी सांग. त्या तुला नकोत. स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी अँड्रोजेनचं काम अडवते. ५० मिलिग्रॅमने सुरू करून १०० पर्यंत नेतात, गुण यायला तीनेक महिने लागतात. पण तू बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतेस, आणि ही दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवतात. सुरू करण्याआधी, आठवड्याने आणि महिन्याने पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि रोज शहाळं प्यायचं नाही, त्यातही पोटॅशियम असतं. दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे औषध नाहीच (टेल्मिसार्टनही नाही). साखर काठावर निघाली तर माझा कल मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीकडे: रात्रीच्या जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅम, मग पोट सोसेल तसं वाढवत. मेटफॉर्मिनने बी१२ जीवनसत्त्व घटू शकतं आणि तू शाकाहारी, तेव्हा त्यावर लक्ष ठेव.

नुसत्या हार्मोनच्या औषधांनी मात्र भागत नाही. सौम्य आजारात क्लिंडामायसिन १ टक्का लोशन दिवसातून दोनदा, किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, बारा आठवडे. ही जंतू मारण्यापेक्षा दाह शमवायला देतात, त्यामुळे ‘पू तपासला, काहीच उगवलं नाही’ म्हणून कुणी बंद करू नये. रिफाम्पिसिन हे अँटिबायोटिक दिलं तर लघवी नारिंगी होईल, घाबरू नकोस. पण ते गर्भनिरोधक गोळ्या निकामी करतं, हे सहसा कुणी सांगत नाही. त्याहून पुढे गेलेल्या आजारात अडॅलिमुमॅब या दाह रोखणाऱ्या औषधाची इंजेक्शनं: आधी १६०, दोन आठवड्यांनी ८०, मग चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला ४० मिलिग्रॅम. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि दडलेल्या टीबीची तपासणी. आपल्याकडे ही पायरी कधीच गाळायची नाही.

आणि ती चीर. ठणक्याने जीव जात असेल तर एका रात्रीपुरती ठीक, पण पिशवी आतच राहते आणि गाठ जवळपास हमखास परत येते. एकटी ताजी गाठ असेल तर तिच्यात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की दुखणं लवकर उतरतं. त्याच जागी बोगदा झाला असेल तर सर्जनला ‘डीरूफिंग’ करता का, असं विचार. सळई घालून बोगद्याची वाट शोधतात, वरचं छप्पर पूर्ण काढतात, तळ खरवडतात आणि जखम टाके न घालता आपली आपण भरू देतात. भरायला आठवडे लागतात.

घरी एवढं कर. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश काखेला लावून दोन-तीन मिनिटं ठेव आणि धू. जुना पांढरा टॉवेल घे, रंगीत कपड्याचा रंग उडतो. रेझर, वॅक्स बंद, केस कात्रीने छाट. ब्लाउजच्या बाह्या सैल करून घे, ती काखेतली शिवणच रोज घासते. लिंबू, सोडा, तुरटी नको, गाठ दाबणं तर मुळीच नको: बाहेर पू दिसतो, पण आत पिशवी फुटून पसरते. ताप आला किंवा लाली झपाट्याने पसरली तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठ.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला गोल कर, गाठ उठली त्या दिवशी फुली आणि किती गाठी ते. तीन पानं भरली की फाडून डॉक्टरांकडे घेऊन जा. एक फोटो मलाही पाठव.

तुझी,
मीना