चुंबक प्रोटॉनला पळवत नाही, वळवतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लार्ज हॅड्रॉन कोलायडरवर (प्रोटॉन वेगाने फिरवून एकमेकांवर आदळवणारं, सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचं यंत्र) मोठा लेख आला, फोटोही मस्त होते, पण त्यात "प्रचंड ताकदीचे चुंबक प्रोटॉनला प्रकाशाच्या वेगाजवळ नेतात" असं छापलंय आणि पुढे "इतक्या छोट्या कणावर गुरुत्वाकर्षणाचा काहीच परिणाम होत नाही" असंही. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. मी फिजिक्स शिकवते, मुलं पुरवणीतली कात्रणं घेऊन येतात आणि छापलंय म्हणजे खरंच असणार असं धरून चालतात, म्हणून हे पत्र.

चुंबकीय क्षेत्रात विद्युतभारित कण नुसता उभा असेल तर त्याच्यावर बल लागतच नाही. चालायला लागला की लागतं, आणि तेही कण ज्या दिशेने चाललाय तिला कायम काटकोनात. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शाळेत सगळ्यांनीच बोटं वाकडीतिकडी करून बघितलेला असतो, तो हाच. बल काटकोनात म्हणजे पुढे ढकलणं नाही, मागे ओढणं नाही, कार्य शून्य, ऊर्जा होती तेवढीच. कण फक्त वळत राहतो.

वेग देतं ते विद्युत क्षेत्र. २७ किलोमीटरच्या त्या रिंगमध्ये वळवणारे मोठे चुंबक १२३२ आणि प्रोटॉनला विद्युत क्षेत्राने खरा धक्का देणाऱ्या रेडिओ फ्रीक्वेन्सी कॅव्हिटी (धातूच्या पोकळ्या) दोन्ही बीम, म्हणजे उलटसुलट फिरणारे प्रोटॉनचे दोन्ही झोत, मिळून फक्त १६! प्रोटॉन सेकंदाला ११ हजारांहून जास्त फेऱ्या मारतो, दर फेरीत कॅव्हिटीतून जाताना थोडी ऊर्जा घेतो, असं करत करत ४५० गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टवरून ६.८ टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे ऊर्जेचं एकक), म्हणजे सुमारे १५ पट ऊर्जेपर्यंत पोचतो. गोंधळ कुठे होतो तेही कळतं, कारण ऊर्जा वाढेल तसं चुंबकांचं क्षेत्रही वाढवत न्यावं लागतं, शेवटी ८ टेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं चुंबकाचा जोर वाढला म्हणून प्रोटॉन पळाला. खरं तर उलटं आहे, प्रोटॉनचा जोर वाढला म्हणून त्याला त्याच वळणावर धरून ठेवायला जास्त क्षेत्र लागलं. (कुणी म्हणेल की अमेरिकन शास्त्रज्ञ कर्स्टच्या १९४० च्या बीटाट्रॉन या यंत्रामध्ये चुंबकीय क्षेत्र बदलूनच इलेक्ट्रॉनला वेग दिला होता ना. हो, पण बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिथे विद्युत क्षेत्र तयार होतं आणि काम तेच करतं.)

आता गुरुत्वाकर्षण. इलेक्ट्रॉनचं वजन तोलून धरायला मीटरमागे एका व्होल्टचा दहा अब्जावा भाग इतकं विद्युत क्षेत्रसुद्धा लागत नाही, म्हणून गणितात ते सोडून देतात. सोडून देणं वेगळं आणि परिणामच नसणं वेगळं. प्रोटॉन आडवा कितीही वेगात जाऊ दे, अडवणारं काही नसेल तर तो दगडासारखाच खाली पडतो, पहिल्या सेकंदात जवळजवळ ५ मीटर. बीमची नळी काही सेंटिमीटरचीच, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग व्हायच्या आत तो तळाला आपटायला हवा. वळवणारे चुंबक इथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांचं क्षेत्र उभं, म्हणून त्यांचं बल आडवं, आणि गुरुत्वाकर्षण मात्र उभं. प्रोटॉनला परत मधे आणतात ते बीम फोकस करणारे क्वाड्रुपोल चुंबक.

चुंबकीय क्षेत्र आडवं असेल तर मात्र खरी गंमत होते. निर्वात जागेत अशा क्षेत्रात कण सोडला तर तो खाली पडत राहतच नाही, छोटी छोटी वळणं घेत बाजूला सरकत जातो, गुरुत्वाकर्षणालाही काटकोनात आणि क्षेत्रालाही, आणि प्रोटॉन एका बाजूला तर इलेक्ट्रॉन बरोबर विरुद्ध बाजूला. हेच गुरुत्वाकर्षणाऐवजी विद्युत क्षेत्राने केलं तर दोघं एकाच बाजूला आणि एकाच सरासरी वेगाने सरकतात. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं आणि ते पुरवणीत कधीच येत नाही.

१९६७ मध्ये स्टॅनफर्डच्या विटेबॉर्न आणि फेअरबँक यांनी उभ्या तांब्याच्या नळीत इलेक्ट्रॉनवरचं गुरुत्वीय बल मोजायचा प्रयत्न केला तर ते जवळपास शून्य आलं. कारण नळीच्या धातूतले इलेक्ट्रॉनही स्वतःच्या वजनाने किंचित खाली सरकतात, त्यातून बारीकसं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते आतल्या इलेक्ट्रॉनचं वजन बरोबर तोलतं. म्हणूनच सर्नच्या अल्फा प्रयोगात प्रतिद्रव्य (नेहमीच्या कणांच्या उलट भाराच्या जुळ्या कणांचं द्रव्य) खाली पडतं का हे बघायला एकटा पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, न घेता भार नसलेला अँटीहायड्रोजन, म्हणजे प्रतिद्रव्यातला हायड्रोजन, घेतला, आणि तो खालीच पडतो हे २०२३ मध्ये जाहीर झालं.

एक विनंती आहे. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि लेखातली आकृतीही बदला. तिच्यात चुंबकाच्या बलाचा बाण प्रोटॉनच्या पुढे जायच्या दिशेने दाखवलाय, तो रिंगच्या केंद्राकडे हवा.

आपली,
फिजिक्स शिकवणारी एक वाचक