सावरीच्या कापसाची बैठक

योकोहामा
रविवार, दुपार

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. दहा मिनिटांत पायांना मुंग्या येतात, कंबर वाकते, म्हणून ध्यानाला बसणंच सोडलंस, हे वाचून राहवेना. अरे, तुझं मन चंचल आहे म्हणून हे होत नाही. तू सपाट सतरंजीवर बसतोस, म्हणून होतं.

इथे घराजवळ झेन बौद्धांच्या सोतो पंथाचं छोटं देऊळ आहे. वर्षभर मी रविवारी सकाळी तिथे झाझेनला, म्हणजे बसून करायच्या ध्यानाला, जातो. खाली झाबुतोन, म्हणजे चौकोनी पातळ गादी, आणि तिच्यावर गोल, जाडजूड, काळी उशी. तिला झाफू म्हणतात. पहिल्या दिवशी मी पाटावर बसावं तसा तिच्या मधोमध बसलो. म्हातारे भिक्षू आले, काही न बोलता त्यांनी मला खांद्यांना धरून पुढे सरकवलं. उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बूड आलं आणि गुडघे आपसूक खाली गादीला टेकले. दोन गुडघे आणि बूड, असे तीन टेकू. पाठ मी ताठ केली नाही, ती झाली.

सोतो पंथाचे दोगेन (1200–1253) यांनी हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे: उशी मांडीखाली सगळीकडे घ्यायची नाही, फक्त मागच्या अर्ध्याखाली घ्यायची. त्यांच्यानंतरच्या केइझान यांनी तर मापच दिलं: व्यास एक शाकू दोन सुन, घेर तीन शाकू सहा सुन. म्हणजे साधारण 36 आणि 109 सेंटिमीटर. ध्यानाबद्दल लिहिताना उशीचं माप द्यावंसं वाटणं, याचंच मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे गीतेच्या सहाव्या अध्यायातही आसन फार उंच नको, फार खाली नको, दर्भावर मृगाजिन आणि त्यावर वस्त्र, असं सांगितलंय ना? शरीराची नीट सोय लावल्याशिवाय मन बसत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

‘झा’ म्हणजे बसणं आणि ‘फू’ म्हणजे तळ्याकाठचं पाणकणीस. पूर्वी त्याचाच भुरभुरीत कापूस आत भरत. आता भरतात तो कापोक. एकदा देवळात उशा दुरुस्त करायला बसलो होतो. एका आजींनी कडेच्या चुण्यांमधली फट उघडली, मूठभर कापूस काढून माझ्या तळहातावर ठेवला. पिवळसर, रेशमासारखा, वजन म्हणून नाहीच. विन्या, ती आपली पांढरी सावर! तुझ्या आजोळी शेवरीच्या कापसाच्या उशा होत्या, आठवतात? त्याचे तंतू आतून पोकळ असतात, वर मेणासारखा लेप असतो, म्हणून पाणी धरत नाही. पूर्वी जीवरक्षक जाकिटांत हाच भरत. साध्या कापसाचा गोळा होतो, हा दाबला तरी पुन्हा उभारी धरतो.

बसण्याआधी त्या जागेला हात जोडून वाकायचं, उजवीकडून वळून समोरच्यांना वाकायचं, मग भिंतीकडे तोंड करून बसायचं. आणि उठल्यावर दबलेली उशी दोन्ही हातांनी फिरवत, दाबत पुन्हा गोल करायची. मागून येणाऱ्याला ती फुगलेली मिळते. मला यातला हा शेवटचा भाग सगळ्यात आवडतो. कधीकधी वाटतं, त्यासाठीच जातो.

तर तू असं कर. गादीवाल्याकडे शेवरीचा कापूस मिळतो का बघ. जाड सुती कापडाच्या 36 सेंटिमीटरच्या दोन चकत्या आणि मधे वीतभर रुंदीची पट्टी. पट्टी घेरापेक्षा बरीच लांब घे, चुण्या घालून बसवायची आहे. एक फट उघडी ठेव. कापूस ठासून भर, पहिल्या महिन्यात तो बसतो, मग आणखी घालता येतो. गुडघे अधांतरी राहिले तर थोडा भर, पोटऱ्यांवर ताण आला तर थोडा काढ. काकूंना शिवायला सांग, त्यांच्या हातच्या चुण्या आजींच्याहून सुबक येतील. खाली जुनी गोधडी चौघडी करून घाल.

शिवून झाली की कळव. काकांना नमस्कार.

तुझा,
श्रीधर