ढाळ कुणाच्या दारात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाणी तुंबलं की नालेसफाईच्या नावाने बोटं मोडायची, ही मुंबईची दर पावसाळ्यातली रीत. गाळ काढायलाच हवा. पण चुनाभट्टीतल्या आमच्या बैठ्या चाळीत साचणारं पाणी नाल्यापर्यंत पोहोचतच नाही, त्याचं काय?

चाळीमागे पूर्वी सखल, मोकळा प्लॉट होता. पाणी त्यावरून पसरत नाल्याला मिळायचं. तिथे टॉवर आला. आधी डंपरने भरणी पडली, मग रोलर फिरला, मग आमच्या बाजूला सलग कंपाउंड वॉल. पुढचा रस्ता काँक्रीटचा झाला, तोही वर चढला. पूर्वी घरात शिरताना एक पायरी चढायचो, आता तीन उतरतो. मोरीतून पाणी उलटं यायला लागलं की आधी गॅसचा सिलिंडर खाटेवर जातो, मग गव्हाचा डबा, मग म्हातारी माणसं. (क्रम चुकीचा आहे, पण सवयीने तोच होतो.)

मी आयुष्यभर ड्राफ्ट्समनची नोकरी केली, त्यामुळे बिल्डरला शिव्या घालण्याआधी कागद आठवले. पालिकेच्या आयओडीत (बांधकामाला सशर्त मंजुरी देणाऱ्या पत्रात) एक छापील अट असायची: सखल प्लॉट टाउन हॉल डेटमनुसार (मुंबईत उंची मोजायची ठरलेली आधारपातळी) २७.५५ मीटरपर्यंत किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा ०.१५ मीटर उंच, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत मुरूम-मातीने भरायचा, दाबून घ्यायचा आणि ढाळ रस्त्याकडे द्यायचा. म्हणजे शेजाऱ्याने भरणी केली ती नियम मोडून नव्हे, नियम पाळून! रस्ता चढला की पुढचा प्लॉट त्याच्याहून अर्धा फूट वर. ज्यांचा पुनर्विकास रखडलाय, ते मधल्या बशीत. भरणीमुळे शेजारचं पाणी कुठे जाईल, हे ती अट विचारतच नाही.

बरं, रस्त्याकडे ढाळ दिला तरी रस्त्याखाली काय आहे? जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. मुंबईच्या पाणी निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ५० मिलिमीटर करायला सांगितली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मोठ्या भरतीत तर समुद्रच पाणी आत घेत नाही. त्यात पूर्वी मातीत मुरणारं पाणी आता टॉवरच्या काँक्रीटच्या पोडियमवरून थेट त्याच पाइपात.

म्हणून मागणी साधी आहे. परवानगीच्या नकाशावर लगतच्या चाळी-सोसायट्यांच्या जमिनीच्या लेव्हलही दाखवाव्यात. प्लॉटवरून पाण्याची जुनी वाट जात असेल, तर ती कंपाउंडच्या आतून गटार काढून बिल्डरने स्वखर्चाने चालू ठेवावी. ती अडत असेल तर भरणीला परवानगीच नको. आणि ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, देण्याआधीची पर्जन्य जलवाहिनीची तपासणी भर पावसात व्हावी. एप्रिलमध्ये कुठलंही गटार उत्तमच दिसतं.

त्या तपासणीला येणाऱ्या इंजिनिअरसाहेबांनी भिंतीच्या आमच्या बाजूलाही यावं. लेव्हल मशीन आणायची गरज नाही. खोल्यांच्या भिंतींवर दर वर्षीच्या पाण्याच्या रेघा आहेत.

– एक वाचक, चुनाभट्टी, मुंबई