दादा, ती चौकटीची वही शोधून ठेव

बर्लिन, रविवार रात्र

प्रिय दादा,

फोनवरच सांगितलं असतं पण तू फोनवर हो हो करतो आणि तिकडे दुसरंच काही करून राहतो, म्हणून लिहून पाठवून राहिली आहे, आणि नीट वाच कारण यात तुझ्यासाठी एक काम आहे. मी बरी आहे, थंडी सुरू झाली, वहिनीने दिलेला गोडा मसाला अजून पुरून राहिला. आईला सांग की मी रोज जेवते.

तर झालं असं की मागच्या रविवारी मी माउअरपार्कला गेली होती, तिथे दर रविवारी जुन्या सामानाचा बाजार भरतो, कपबशा, कॅमेरे, सायकली, सगळं काही असतं. एका टेबलावर खोक्यात जुने गेमबॉय, ते हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचे, पडलेले होते आणि त्यात एक घडीचा गेमबॉय अॅडव्हान्स एसपी, चंदेरी, कोपऱ्याला घासलेला, आणि आत कॅसेट लावलेलीच. बाहेर काढून बघितली तर नाव होतं मेट्रॉइड झिरो मिशन. झिरो वाचून मला आधी आपल्या नागपूरचं झिरो माईलच आठवलं, ते चार घोडे आणि तो खांब, आणि मग मेट्रॉइड हा शब्द डोक्यात शिरला आणि मी तिथेच उभी राहिली रे. आपली मेट्रॉइड, ती सीडीवाली गेम! पैसे देऊन टाकले, भावही केला नाही, आणि ट्रेनमध्ये बसल्या बसल्या सुरू केली.

तुला आठवत असेलच पण तरी लिहिते, कारण मलाच लिहावंसं वाटून राहिलं. २००४ चा उन्हाळा, तुझी अकरावी झालेली, माझी आठवी व्हायची होती, तुझ्या मित्राने ती जुन्या गेम्सची सीडी दिली होती. बाहेर पंचेचाळीस डिग्री, खिडकीत कूलर, ओल्या वाळ्याचा वास, आणि तू कीबोर्डवर नि मी बाजूच्या स्टुलावर वही घेऊन. गणिताची चौकटीची वही. एक चौकट म्हणजे एक स्क्रीन. त्या गेममध्ये नकाशा नव्हताच ना, सगळे बोगदे सारखे दिसायचे, निळ्या खोल्या संपल्या की पुन्हा त्याच निळ्या खोल्या, आणि तू म्हणायचा मने लिही, इथून खाली दोन, मग डावीकडे लाल दरवाजा. मी पेन्सिलने चौकट काढायची, दरवाजा तिरप्या रेघेने दाखवायची. आणि लाईट गेली की सगळं गेलं, कारण पासवर्ड मेल्यावरच दिसायचा, दुसरा रस्ता आपल्याला माहीत नव्हता. चोवीस अक्षरं, दोन ओळींत, मोठी एबीसीडी वेगळी, छोटी वेगळी, आकडे वेगळे. तू वाचायचा आणि मी उतरवायची. एक अक्षर चुकलं की संपलं. आणि एवढं करून सुरू केलं की एनर्जी फक्त तीस, मग त्या नळीतून निघणारे किडे मारत बसायचं, अर्धा अर्धा तास, आई म्हणायची हे काय टकटक लावलं आहे दिवसभर.

आता गंमत ऐक. झिरो मिशन ही तीच गेम आहे, पुन्हा नव्याने बनवलेली, हातातल्या मशीनसाठी, आणि ती आली तीसुद्धा २००४ मध्येच! म्हणजे आपण तिकडे कूलरसमोर १९८६ च्या गेमचा नकाशा पेन्सिलने काढून राहिलो होतो आणि त्याच वर्षी त्यांनी नकाशावाली गेम काढून दुकानात ठेवली होती, आपल्याला पत्ताच नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की नवीन गेमचा डायरेक्टर योशिओ साकामोतो, हा माणूस १९८६ च्या टीममध्येसुद्धा होता. अठरा वर्षांनी आपल्याच हाताने बनवलेली गोष्ट पुन्हा बनवायला घ्यायची, काय ठेवायचं काय बदलायचं, विचार कर. जुन्या गेमचे प्रोड्यूसर गुनपेई योकोई, ज्यांनी मूळ गेमबॉय बनवला ते, ते १९९७ मध्येच गेले, त्यांनी ही बघितली नाही.

सुरुवातीलाच ती सांगते की झेबेस ग्रहाला, म्हणजे जिथे गेम घडते त्याला, ती कधीकाळी घर म्हणायची. (हो, ती. त्याच्यावर येते.) आणि मग उतरल्या उतरल्या माझा अंगठा आपोआप डावीकडे गेला. आठवते? सगळ्या गेममध्ये उजवीकडे पळायचं असतं आणि आपण पहिले दोन दिवस उजवीकडेच जाऊन अडकलो होतो, तो बुटका बोगदा पार होईना, आणि मग मी म्हटलं होतं दादा डावीकडे जाऊन पाह्य ना, आणि तिथे तो गोळा ठेवलेला होता, जो घेतला की माणूस चेंडू होऊन घरंगळतो. नवीन गेममध्येपण तो तिथेच ठेवलाय, डावीकडे. इतकं बरं वाटलं मला! बाकी सगळं पॉलिश करून टाकलं, रंग, आवाज, हालचाल, उडी मारून कठड्याला लटकता येतं, पण गोळा डावीकडेच.

नकाशा मात्र आहे. कोपऱ्यात छोटासा, चौकटींचाच, एक खोली गेली की एक चौकट रंगते, अगदी आपल्या वहीसारखं. सेव्ह करायच्या खोल्या आहेत. आणि ते पक्ष्यासारखे बसलेले दगडी पुतळे, चोझो नावाच्या पक्षीमाणसांचे, ते आता नकाशावर खूण करून सांगतात पुढे कुठे जायचं. हे मला पटलं नाही. म्हणजे लहान मुलांना सोयीचं आहे, मान्य, पण त्या गेमचा जीव हरवण्यातच होता, बोट दाखवलं की हरवायचं कुठे? नंतर कळलं की त्यांनी गुपचूप रस्तेपण सोडलेले आहेत, सांगितलेल्या खुणेकडे न जाता भिंती फोडत भलत्याच क्रमाने जाता येतं, क्रेड आणि रिडली हे दोन मोठे राक्षस, तर क्रेडच्या आधी रिडलीकडेसुद्धा. तेव्हा राग गेला. ज्याला शोधायचंय त्याच्यासाठी ठेवलंय त्यांनी.

क्रेडवरून आठवलं. आपल्या वहीत दोन ठिकाणी 'क्रेड खल्लास' लिहिलेलं आहे, पहिलं तू खोडलं होतं, कारण त्याला मारूनही काहीच झालं नाही आणि पुढे पुन्हा तसाच एक आला. दादा, पहिला नकलीच होता. मुद्दाम ठेवलेला असतो तिथे. एवढी वर्षं मला वाटून राहिलं की मीच खोली चुकीची उतरवली, त्यावरून तू चिडलाही होता माझ्यावर. माझा नकाशा बरोबर होता. नवीन गेममध्ये खरा क्रेड दोन स्क्रीन उंच आहे, खालून वर चढत जावं लागतं, मी ट्रेनमध्ये माझं स्टेशन सोडून पुढे गेली त्या नादात.

रिडली आपल्याकडून मेला नाही. तुझी बारावी सुरू झाली, बाबांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं, आणि वही माळ्यावर गेली. म्हणजे ज्याच्या नावाची गेम तो मेट्रॉइड आपण कधी पाहिलाच नाही, कारण ते शेवटच्या भागात असतात, टूरियनमध्ये, आणि तिकडचा रस्ता क्रेड आणि रिडली दोघंही मेल्याशिवाय उघडत नाही. मी पाहिले आता. हिरवी जेलीसारखी डोकी, आत लाल गाठी, तरंगत येतात आणि डोक्यावर चिकटून जीव ओढून घेतात. बर्फाच्या किरणाने गोठवायचं आणि मग पाच मिसाईल. पहिल्यांदा एक चिकटला तर मी खरंच ओरडली, घरमालकीण विचारायला आली.

आणि आता 'ती' ची गोष्ट. आपण सगळा उन्हाळा 'तो' म्हणत होतो ना, तू म्हणायचा हा बघ हा उडी मारून राहिला, आणि मीसुद्धा तोच म्हणायची. तो नाहीच रे, ती आहे. सामस आरान. जुन्या गेममध्ये लवकर संपवली तरच शेवटी कवच उतरायचं आणि तेव्हा कळायचं की बाई आहे, १९८६ मध्ये! मला हे कॉलेजात असताना कुठेतरी वाचून कळलं आणि मी त्या दिवशी होस्टेलच्या गच्चीवर एकटीच फिरत राहिली, इतकं काहीतरी वाटलं. स्टुलावर बसून वही लिहिणारी मी आठवीतली पोरगी, मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर.

झिरो मिशनमध्ये तर ते लपवलेलंच नाही, उलट त्याच्यापुढची गोष्ट जोडली आहे, आणि दादा, हा भाग मी तीनदा खेळली. मदर ब्रेन, शेवटची शत्रू, मेली, सामस पळून बाहेर निघाली, की जुनी गेम संपायची. नव्या गेममध्ये मात्र ती जहाजात बसते आणि स्पेस पायरेट्स, म्हणजे अंतराळातले चाचे, तिचं जहाज पाडतात, पुन्हा त्याच ग्रहावर, आणि यावेळी कवच नाही. अंगावर साधा निळा सूट आणि हातात एक छोटं पिस्तूल, त्याने कोणी मरतही नाही, थोडा वेळ सुन्न होतो, आणि ते पुन्हा भरायला वेळ लागतो. इतका वेळ समोर येईल त्याला पटापट मारलं आणि आता लपायचं, दिसलं की सायरन, आणि मग पळत सुटायचं, बिळात शिरायचं, हातापायांवर रांगत. तो गोळा का बनवला होता माहीत आहे का, १९८६ मध्ये त्यांना ती रांगतानाची हालचाल काढणं जड जात होतं, म्हणून चेंडू करून टाकला. आणि अठरा वर्षांनी तिचं सगळं काढून घेतलं तेव्हा ती रांगते. हे मला ट्रेनमध्ये लक्षात आलं आणि मी गेम बंद करून खिडकीबाहेर बघत बसली थोडा वेळ.

तुला सांगितलं नव्हतं, पण इथले पहिले दोन महिने माझे तसेच गेले. नागपुरात मी भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत कोणाशीही भांडू शकते, आणि इथे औषधाच्या दुकानात मला ताप हा शब्द आठवेना, मागे रांग, मी कपाळावर हात लावून दाखवला आणि मग काही न घेताच बाहेर आली. आईला नको सांगू हे. आता येते भाषा, आता मीच नवीन आलेल्यांसोबत जाते सगळीकडे.

सामसला कवच परत मिळतं, चोझोंच्या देवळात, आणि आधी वाटेत सापडलेल्या तीन वस्तू, ज्या घेतल्या होत्या पण काय आहेत तेच कळत नव्हतं, वापरताही येत नव्हत्या, त्या सगळ्या एकदम चालू होतात. आणि मग जे मघाशी मागे लागले होते त्यांच्याच मधून चालत जायचं. संगीतपण बदलतं. मी उभं राहून खेळली तो भाग.

आता काम. गेम पूर्ण केली की त्याच कॅसेटमध्ये आतून जुनी १९८६ ची मेट्रॉइड उघडते, पूर्णच्या पूर्ण, आणि पासवर्डसुद्धा घेते. मी उघडून ठेवली आहे. माझ्या ऑफिसमधली मैत्रीण दिवाळीला धरमपेठेत येऊन राहिली आहे, तिच्यासोबत एसपी पाठवून राहिली आहे, चार्जरसकट, तो आपल्या प्लगमध्ये बसतो. पहिली फाईल माझी आहे. दुसरी कोणाची आहे माहीत नाही, आधीच्या मालकाची, नॉरफेअर नावाच्या भागात अर्धवट थांबलेली, ती पुसू नको, मीपण पुसली नाही. तिसरी रिकामी, ती चिकूची. तिला फक्त एवढं सांगू नको की डावीकडे जा, तिचं तिला कळू दे, आणि नकाशाला रेघा मारायला एक वही मात्र दे हातात, गेममध्ये नकाशा असला तरी.

आणि तू जुनी खेळ. ती चौकटीची वही माळ्यावर लोखंडी पेटीत आहे, बाबांच्या जुन्या फायलींच्या खाली, आईला आधी विचार की दिवाळीच्या सफाईत रद्दीत तर नाही ना गेली, आणि आजच विचार. मागच्या पानावर शेवटचा पासवर्ड आहे, क्रेड मेलेला, रिडली बाकी, तुझ्या बारावीच्या क्लासच्या आदल्या दिवशीचा. तिथूनच सुरू होईल. घाई करू नको टाईप करताना, आणि दुसऱ्या ओळीतलं चौथं अक्षर झिरो आहे, मोठा ओ नाही, मी झिरोला मधून तिरपी रेघ द्यायची तेव्हा, पेन्सिल पुसट झाली असेल तर दिव्याखाली धरून पाह्य.

आई-बाबांना नमस्कार, चिकूला पापा.

तुझी,
मनू